जार पडेपर्यंत थांबा

शेळ्यांचा विषय निघाला की आमचे हे पानाचा डबा उचलतात आणि ओसरीवर जाऊन बसतात. जाता जाता म्हणतात, "झालं इचं सुरू!" सुरू होतं खरं. मी तरी काय करू? गोठ्यातल्या लेंड्या सकाळी स्वच्छ झाडाव्यात तर संध्याकाळी पुन्हा तेवढ्याच. तसे हे किस्से आहेत. एक सांगून संपवावा, तर मागे दुसरा पडलेलाच असतो.

तुम्ही हसता ते मला आवडतं. पण आधीच सांगून ठेवते, त्या वेळी मला यातल्या एकाही गोष्टीत हसू आलं नव्हतं. कार्तिकापासून माघापर्यंत मी देवाचं नाव घेतल्याशिवाय गोठ्यात पाऊल टाकलं नाही.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी अकोल्याहून जानेफळजवळच्या मळ्यात आले. वडील कचेरीत कारकून, त्यामुळे शेळी मी पाहिली होती ती कुंपणापलीकडून. इथे सात शेळ्या, सगळ्या काळ्या आणि सगळ्या माझ्या सासूच्या. सासूला मी आत्याबाई म्हणायची. शेत सासऱ्यांच्या नावावर, बैल ह्यांचे, विहीर भावकीतली. घरात आत्याबाईंचं स्वतःचं असं काय होतं, तर त्या सात शेळ्या.

आदल्या थंडीत दहा पिल्लं झाली होती. त्यातली आठ मेली. म्हणून त्या वर्षी दिवाळीतच हे म्हणाले, "माय, या साली पिल्लं नाई जगले त बकऱ्या बजारात नेतो मी. रोज उठून खड्डे खंदाचे का आपून?"

आत्याबाई उठल्या. ताट तसंच ठेवून गोठ्यात गेल्या. मला वाटलं होतं, सासू आता मुलाला फाडून खाईल! ती जेवण टाकून उठली, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

*

आत्याबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. शेळी बोकडाला दाखवली की त्या गोठ्याच्या मेढीला एक सुतळी बांधायच्या आणि दर अमावास्येला तिला एक गाठ मारायच्या. पाच गाठी झाल्या की शेळी जनते, म्हणजे विते. सात शेळ्यांच्या सात सुतळ्या, त्यांचं ते कॅलेंडर.

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. नवी नवरी, कामाची हौस. गोठा झाडायला गेले तर मेढीला या घाणेरड्या सुतळ्या लोंबताहेत! हातातला फडा सुटत होता. त्यातलीच एक सुतळी काढली, गाठी सोडल्या आणि फडा छान आवळून बांधला. गोठा लख्ख केला.

आत्याबाई आल्या. मेढीकडे पाहिलं. बोटानं सुतळ्या मोजल्या. मग माझ्या हातातल्या फड्याकडे पाहिलं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "आता लंबी कवा जनते ते त्या फड्याले पूस!"

*

फडा काही बोलेना. मग लंबीवर, म्हणजे त्या लांब कानांच्या शेळीवर, पाळत ठेवायचं काम माझ्याकडे आलं. ती बसली की मी बसायची, ती उठली की मी उठायची. भाकरी थापताना मान गोठ्याकडे. दोन भाकरी रोज करपायच्या.

एका दुपारी पाहते तर लंबीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. धापा टाकते आहे, पाय झाडते आहे. मी ओरडत सुटले, "जनली! जनली!" हे औत सोडून धावले, सायकल काढली आणि ढोरांच्या दवाखान्यातले वानखडे कंपाउंडर होते, त्यांना घेऊन आले. तीन कोसांचा रस्ता, तोही उलट्या वाऱ्याचा. कंपाउंडरांनी घाम पुसला, शेळीच्या पोटावर टिचकी मारली, कान लावून ऐकलं.

"बाई, पिल्लू आहे पोटात. पन त्याले टाइम आहे," ते म्हणाले. "हे जे फुगलं ते तुरीचं कुटार आहे. कोठ्याचं दार कोनं उघडं ठेवलं?"

कोनं म्हणजे मीच! पाळतीवर बसायला पोतं हवं म्हणून कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, कोठ्यात गेले होते, ते दार उघडंच राहिलं.

कंपाउंडरांनी बांबूच्या नळ्यानं तिला तेल पाजलं. लंबीनं सगळ्या मळ्याला ऐकू जाईल असा ढेकर दिला आणि उठून उभी राहिली. मी जाऊन कोठ्याचं दार लावलं. सायकलवर टांग टाकताना कंपाउंडर एवढंच म्हणाले, "जनली का लगेच पिल्लाले चीक पाजा. लगेच! वाट नोका पाहू."

मी "हो" म्हणाले. आत्याबाईंनी तोंड फिरवलं.

*

त्याचं कारण मला पहिली शेळी जनली तेव्हा कळलं.

सकाळची वेळ होती. दोन पिल्लं झाली. दुसरं बाहेर आलं ते निपचित. आत्याबाईंनी त्याचे मागचे पाय धरले आणि त्याला गोल गोल फिरवायला लागल्या. मला वाटलं, ही बाई याला आता भिंतीवर आपटते! मी किंचाळून त्यांचा हात धरला.

"सोड बे!" आत्याबाई ओरडल्या. 'बे' पुरुषांना म्हणतात. घाईत त्यांना मी पुरुष की बाई याचंही भान नव्हतं. मग त्यांनी पिल्लू माझ्या मांडीवर टाकलं आणि त्याच्या नाकात गवताची काडी घातली. पिल्लू शिंकलं. मीही शिंकले. आत्याबाई म्हणाल्या, "दोघंई जिते आहेत."

इथपर्यंत ठीक. आता पिल्लांना दूध हवं. पहिलं दूध, म्हणजे चीक, शेळीच्या आचळांतून थेंब थेंब गळत होता. पिल्लं थरथरत तिकडे तोंड नेत होती. आत्याबाईंनी दोघांना उचललं आणि डाल्याखाली झाकून ठेवलं.

"जार पडू दे आंधी," त्या म्हणाल्या.

जार म्हणजे पिल्लामागून पडते ती पिशवी. ती पडायच्या आधी पिल्लानं चीक ओढला तर जार आतच अडकतो आणि शेळी मरते, अशी या घराची समजूत. जार पडेपर्यंत थांबा! तास झाला, दोन तास झाले. मी डाल्याच्या फटीतून बोट आत घातलं, तर ते शिंकलेलं पिल्लू माझं बोट चोखायला लागलं. तोंड आधी ऊन होतं. दुपारपर्यंत ते गार झालं.

जार दिवस कलताना पडला. एक पिल्लू प्यालं. दुसऱ्याला पिण्याइतका जोर उरला नव्हता.

आत्याबाईंनी त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही. मीही माझी भाकरी दुरडीत परत ठेवली. पण मी तोंड उघडलं नाही. सहा महिन्यांची सून काय तोंड उघडणार?

*

तोंड उघडायला म्हणून मी वानखडे कंपाउंडरांना बोलावलं. म्हणजे निरोप धाडला की शेळीला खोकला आहे. खोकला मला होता, पण ते जाऊ द्या.

कंपाउंडरांनी ओसरीवर बसून आत्याबाईंना पाऊण तास समजावलं. चिकात ताकद असते, पिल्लाच्या अंगात रोगाशी झगडायचं बळ त्यानंच येतं, पिल्लू ओढायला लागलं की उलट जार लवकर पडतो. पुस्तकात आहे, खात्याच्या कागदात आहे, साहेबांनी सांगितलं आहे.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "भाऊ, तुमच्या घरी बकऱ्या किती?"

"घरी… घरी नाई जी एकई."

"बरं," आत्याबाई म्हणाल्या, "चहा घ्या."

*

आता माझी दुसरी करामत ऐका. हिच्यावरून अजून मला चिडवतात.

एक पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणारी, शेळी जनली. तिचा जार नशिबानं लवकर पडला, पिल्लू प्यालं, सगळं नीट झालं. आत्याबाई शेतात गेल्या. मी पाहते तर पिल्लू चिकट, अंगाला वास. अकोल्याला आमच्याकडे बाळ जन्मलं की आधी न्हाऊ घालतात. मी पाणी तापवलं, लग्नात आलेला वासाचा साबण काढला आणि पिल्लाला पाटावर घेऊन स्वच्छ आंघोळ घातली! अंग पुसलं, शेकलं. गुलाबाचा घमघमाट.

शेळीनं त्याला हुंगलं आणि शिंग मारून उडवून लावलं. पुन्हा जवळ नेलं, पुन्हा शिंग. आचळाला लावू देईना. शेळ्या पिल्लू ओळखतात ते वासानं, हे मला काय माहीत! एवढं जगलेलं पिल्लू आता माझ्या साबणानं मरणार, या भीतीनं मी गोठ्यातच हुंदके द्यायला लागले.

बांधापलीकडून सुभद्राबाई आल्या. त्यांच्याही चार शेळ्या होत्या. त्यांनी पिल्लाचा वास घेतला आणि म्हणाल्या, "मायबाई! याले लग्नाले न्याचं आहे का?" मग म्हणाल्या, "रडू नोको. बकरीपुढं कुत्रं आन. कुत्रं दिसलं का पहिलारू बकरी पिल्लाले पाठीशी घालते, मंग पाजते."

सुभद्राबाईंचा कुत्रा आणला. तो गोठ्यातल्या उबेला आडवा झाला आणि झोपला. कान ओढला, तरी उठेना. शेळीनं त्याच्यावर एक नजर टाकली आणि कुटार खायला लागली.

तेवढ्यात आमचे हे आले. मी काय सांगितलं, त्यांना काय समजलं, देव जाणे. बकऱ्या बाजारात नेतो म्हणणारा हा माणूस पाच मिनिटांत अंगावर काळी घोंगडी घेऊन चार पायांवर गोठ्यात शिरला आणि भुंकायला लागला! शेळी ताठ झाली. पिल्लाच्या पुढे आली. खाली मान घालून तिनं अशी धडक दिली की हे थेट गव्हाणीत.

पिल्लू तिच्या पोटाखाली शिरून चुरूचुरू प्यायला लागलं. आणि नेमके त्याच वेळी ग्रामसेवक दारात उभे! त्यांनी गव्हाणीकडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "पाटील आहेत का घरी?"

पाटील म्हणजे आमचे हेच. घोंगडीतून आवाज आला, "नाईत. मेहकरले गेले!"

*

त्यानंतरची गोष्ट मात्र मी ह्यांनाही बरीच वर्षं सांगितली नव्हती.

लंबी जनली. दोन पिल्लं. आत्याबाई निखारे आणायला घरात गेल्या. मी एकटी, समोर चीक गळतो आहे आणि माझ्या डोक्यात ते गार झालेलं तोंड. मी त्यातलं बारकं पिल्लू उचललं आणि आचळाला लावलं. चार घोट प्यालं असेल नसेल, पावलं वाजली. मी ते डाल्याखाली सारलं आणि चेहरा असा केला की जणू मी तिथे नव्हतेच.

मग जार पडेना! तास गेला, दोन गेले. दुपार झाली. लंबी मान टाकून बसली. आत्याबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत पुटपुटत होत्या. कंपाउंडरांचं खरं की आत्याबाईंचं? मी शेळी मारली का? पाचव्या तासाला मला सहन होईना. मी त्यांचे पाय धरले.

"आत्याबाई, मी पाजलं. मीच चीक पाजला. बारक्याला."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पाय मागे ओढून घेतले. आणि मागे थप्प असा आवाज झाला. लंबीचा जार पडला होता.

आत्याबाईंनी वळून तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि उठून गेल्या.

तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हणजे बोलायच्या, पण लंबीमार्फत! मी शेजारी उभी, तरी लंबीला सांगायच्या, "सांग वं तुह्या लाडकीले, चुलीवर दूध उतू जाऊन राह्यलं." मीही लंबीलाच सांगायची, "सांग गं, उतरवलं म्हणून." लंबी दोघींच्या मध्ये उभी राहून रवंथ करायची. असा शहाणा निरोप्या पुन्हा भेटला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी त्या गोठ्यात उकिडव्या बसल्या होत्या. एक पिल्लू त्यांच्या पदराला लोंबकळून उड्या मारत होतं. दुसरं पोत्यावर पडून होतं, डोळे अर्धे मिटलेले.

"कोनचं पाजलं व्हतं तू?" त्यांनी विचारलं. लंबीला नाही, मला.

मी उड्या मारणाऱ्याकडे बोट केलं.

त्यांनी मान हलवली. दुसऱ्याला उचलून पोटाशी धरलं आणि ते जाईपर्यंत तशाच बसून राहिल्या. मला त्या क्षणी त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. फार वाईट वाटलं.

*

माघ आला. सहा शेळ्या जनून झाल्या होत्या. दहा पिल्लं झाली, त्यातली पाच राहिली. ह्यांनी मळ्याच्या कडेला पाचवा खड्डा बुजवला, हात धुतले आणि म्हणाले, "माय, अर्धे गेले. आता चांदीचं पाहू. तिचे जगले त राहू दे बकऱ्या. नाई त येत्या बजारी मी नेतोच." गव्हाणीत पडून आल्यापासून त्यांचा आवाज जरा उतरला होता, पण बोलले ते ठाम.

चांदी म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हातारी शेळी, आत्याबाईंचा जीव. तिची आई जार अडकून मेली होती. का, तर चांदीनं जन्मल्या जन्मल्या चीक ओढला म्हणून, असं आत्याबाई सांगायच्या. तेव्हापासून घरात हा नियम. चांदीला त्यांनी बोटानं दूध पाजून वाढवलं. ती आजारी पडली तर त्या जेवायच्या नाहीत, आणि त्या मेहकरला गेल्या तर चांदी खायची नाही.

त्या दिवशी चांदी जनली ती तीन पिल्लं. तिन्ही मुठीएवढी. बाहेर वारा असा की गोठ्याच्या कुडातून शिट्टी वाजत होती. आत्याबाईंनी तिघांना पुसलं, पोत्यात गुंडाळलं आणि डाल्याखाली ठेवलं. मग दोघी बसलो. जार पडेना. उन्हं ओसरीच्या दुसऱ्या पायरीवर आली, पडेना. तिसरीवर आली, पडेना. पिल्लं आधी ओरडत होती. मग त्यांचा आवाज बारीक झाला. मग एकाचाच यायला लागला.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या चांदीकडे पाहत होत्या. चांदी त्यांच्याकडे पाहत होती. मी काही बोलणार, तेवढ्यात त्या उठल्या आणि घरात गेल्या. आतून पाणी सांडल्याचा मोठा आवाज आला. पाहते तर सकाळी मी काठोकाठ भरलेला रांजण त्यांनी कलता केलेला, अंगणापर्यंत पाणी.

"घरात थेंब नाई पान्याचा," त्या म्हणाल्या. "जाय, इहिरीवर जाऊन ये."

"आत्याबाई, आत्ता? पिल्लं…"

"मी आहे ना इथी. जाय. घाई नोको करू."

मी घागर घेतली. विहिरीपर्यंत पळतच गेले. घागर भरून तशीच निथळत घेऊन परत आले.

आत्याबाई चांदीच्या पोटाशी बसल्या होत्या. त्यांचा एक हात चांदीच्या गळ्याभोवती होता आणि पदरानं त्या डोळे पुसत होत्या. डालं बाजूला पडलेलं. पोत्यावर दोन पिल्लं झोपली होती, पोटं टम्म, हनुवटीवर चिकाचा पिवळा फेस. तिसरं त्यांच्या मांडीवर होतं आणि तोंड उघडून आवाज न करता काहीतरी मागत होतं.

"जार पडला का?" मी विचारलं.

"नाई अजून."

मी त्या दोन पिल्लांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग त्या उठल्या, माझ्या डोक्यावरची भरलेली घागर उतरवली, दारात नेऊन सगळं पाणी अंगणात ओतलं आणि रिकामी घागर माझ्या हातात दिली.

"जाय," त्या म्हणाल्या, "अजून एक खेप कर."